दूरची शिकवणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या पूर्वसूरींचे स्मरण करावे, मराठी माणसाच्या दक्षिणदिग्विजयाचा थोडा गौरव करावा आणि श्रोत्यांना भुकेची जाणीव होण्यापूर्वी खाली बसावे, असा प्रघात आहे. परंतु आमच्या कार्यवाहांनी आम्हांला नेमून दिलेला विषय या प्रघातात बसणारा नाही. अनुभवी शिक्षकाला घरी राहून, दूर गावच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम कसे मिळते, यावर चार शब्द बोला, असे त्यांनी सुचविले. आम्ही म्हटले, अहो, आम्ही केंद्र सरकारचे नोकर. तीस वर्षे फायलींवर शेरे मारण्यात गेली. खडू कधी हाती धरला नाही. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही नाही धरला, पण तुमच्या घरात तो धरलेला आहे ना!"

तेव्हा आज जे सांगणार आहोत ते उसने आहे, हे आरंभीच कबूल करतो. मूळ मालकीण याच सभागृहात बसल्या आहेत. व्यासपीठावर येण्यास त्यांनी साफ नकार दिला. "शिकवायला सांगा, शिकवते, भाषण मला जमायचे नाही," हे त्यांचे उत्तर. त्यांचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक आणि आता आमच्या वसाहतीतील दूधवालासुद्धा त्यांना 'बाई' म्हणतो; म्हणून आम्हीही या भाषणापुरते त्यांना बाईच म्हणू.

हा विषय एका घरापुरता नाही, हे गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ध्यानात आले. बोलता बोलता कोणीतरी मोजदाद केली, तेव्हा जमलेल्या भगिनींपैकी अकराजणी पूर्वाश्रमीच्या शिक्षिका निघाल्या. कोणी नागपूरला विज्ञान शिकवीत होती, कोणी बेळगावला बालवाडी चालवीत होती. यजमानांची बदली झाली, रेल्वेत, बँकेत, संरक्षण खात्यात किंवा आमच्यासारखी एखाद्या कार्यालयात, आणि खडू जो खाली ठेवला तो ठेवलाच. बदलीचा हुकूम आम्हां पुरुषांच्या नावाने निघतो आणि त्याची अंमलबजावणी मात्र दोघांवर होते, ही गोष्ट आमच्या नियमपुस्तिकेत कोठेही नमूद नाही.

मद्रासला राहून लांबच्या शिकवणीचे काम मिळविणारा मराठी माणूस शोधायचा झाला, तर फार मागे जाता येते. राजा सर टी. माधवराव हे नाव आपण जाणता. 1828 साली कुंभकोणमला जन्मलेले तंजावरकडील मराठी गृहस्थ. याच शहरात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली ते शिकले, गणितात चमकले आणि शिक्षण संपल्यावर येथील अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीस लागले. हिशेबतपासनीसाच्या कचेरीतील कारकुनी म्हणजे काय, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस थोडाफार आहे. त्यात रमणारी माणसेही असतात. पण 1849 साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांना त्रावणकोरच्या राजपुत्रांना इंग्रजी शिकविण्याचे काम मिळाले आणि ते निघाले. दक्षिणेतील पहिली आगगाडी रायपुरमहून वालाजा रोडपर्यंत धावली ती 1856 साली, म्हणजे या शिक्षकाला तिचाही लाभ नव्हता. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्यास तरुण सयाजीराव गायकवाडांपुढे राज्यकारभारावर त्यांनी 1881 साली दिलेली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध आहेत. म्हणजे दिवाणगिरीतही मास्तरकी सुटली नव्हती. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकालाच लोक 'स्टॅच्यू' म्हणतात. तेथे बसमधून उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हा मूळचा एक शिकवणीमास्तर!

शिक्षक विद्यार्थ्याकडे जाई, किंवा विद्यार्थी शिक्षकाकडे येई. दोघांपैकी एकाला गाव सोडावेच लागे. शिक्षक येथे, विद्यार्थी तेथे आणि मध्ये टपाल, ही तिसरी तऱ्हा मागाहून आली. दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले 1962 साली, मद्रास विद्यापीठाने 1981 साली. आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चे. आमची स्वतःची बी.ए. पदवी ही नोकरी सांभाळून, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मिळविलेली. रात्री कंदिलाखाली अभ्यास केला, असे आम्ही म्हणणार नाही. वीज होती, शिक्षक मात्र नव्हता. अर्थशास्त्रातील एक आकृती आम्ही परीक्षेपर्यंत उलटी समजत होतो, आणि ती उलटी आहे हे सांगणारे कोणी नव्हते. घरातला अभ्यास आणि घरातली शिकवणी यांत अंतर आहे ते एवढेच, पण ते थोडे नाही.

आता घरची हकिकत.

बाई सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत तेवीस वर्षे गणित शिकवीत होत्या. अडल्यानडल्यास खालच्या वर्गांना मराठीही. 2018 साली आम्हांला बढती मिळाली आणि बढतीसोबत चेन्नई मिळाली. एक वर्ष आम्ही येथे एकटे काढले. डबा लावला, रसम भात अंगवळणी पडला, पण प्रकृतीने कुरकुर केली. 2019 च्या एप्रिलात बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हा निर्णय आपला आपण घेतला, असे त्या आजही म्हणतात. आम्ही त्या वेळी एक वाक्य बोललो होतो, "पेन्शन तर आहेच, आता आराम करा." हे वाक्य आम्ही बोलावयास नको होते. निरोपसमारंभात शाळेने त्यांना शालश्रीफळाबरोबर फळ्यावर वापरावयाचा लाकडी कंपास आणि गुण्या दिला. चेन्नईच्या सरकारी निवासस्थानात तो कंपास छत्र्यांच्या शेजारी कोपऱ्यात उभा राहिला, आणि आराम सुरू झाला. दुपारी तीन वाजता, म्हणजे शाळेत सहावी तासिका भरण्याच्या वेळी, त्या उगीचच उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहात, हे आम्हांला शेजाऱ्यांकडून कळले.

येथील शाळांत त्यांनी अर्ज केले. मुलाखतींना बोलावणी आली. "तमिळ येते का?" हा प्रश्न सर्वत्र झाला आणि तो गैर नव्हता. ज्या राज्यात 2006 च्या कायद्याने शाळांतून तमिळ शिकणे टप्प्याटप्प्याने आवश्यक केले, तेथे शिक्षिकेने वर्गात मुलांच्या भाषेत दोन शब्द बोलावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. दुसरा प्रश्न वयाचा. तो कोणी विचारीत नसे. जन्मतारीख वाचून अर्ज बाजूला ठेवीत.

मग कोणीतरी घरबसल्या शिकविण्याच्या कामाची वार्ता दिली. ती नवी नव्हती. शेजारच्या बंगळुरात 2005 साली निघालेल्या ट्यूटरव्हिस्टा या संस्थेने अमेरिकेतील मुलांना भारतातल्या शिक्षकांकडून, त्यांच्या त्यांच्या घरून, शिकविण्याचा उद्योग उभा केला होता, आणि 2011 साली पिअर्सन या बड्या प्रकाशनसंस्थेने तीत बहुमताचा हिस्सा घेतला होता. म्हणजे कामात तथ्य होते. अर्ज लिहिण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. वर 'विषय', खाली 'संदर्भ', मग 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की', असा दीड पानी मसुदा आम्ही तयार केला. त्यास कोठूनही उत्तर आले नाही. बाईंचे म्हणणे, अर्ज वाचून त्या लोकांना वाटले असेल की ही शिक्षिका नव्हे, चौकशी समिती आहे.

उत्तर आले ते एका भलत्याच ठिकाणाहून. परदेशी विद्यार्थी, महिना चाळीस हजार, नोंदणीपोटी 4,999 रुपये आगाऊ. ते पैसे आम्ही भरले. बाईंनी नव्हे, आम्ही. इतरांच्या देयकांवर सात सात आक्षेप काढणाऱ्या माणसाने पावतीसुद्धा मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दूरध्वनी बंद. ही गोष्ट चारचौघांत सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतो, कारण या सभागृहातील आणखी दोघांनी आम्हांला खाजगीत आपापला असाच अनुभव सांगितला आहे. काम देणारा कामगाराकडून पैसे मागत नसतो. फसगत झालीच तर आज 1930 हा दूरध्वनी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक. लाजेपायी आठ दिवस गप्प बसणे हेच त्या भामट्यांचे भांडवल.

पुढचा अनुभव फसवणुकीचा नव्हता, पण मासलेवाईक होता. एका मोठ्या कंपनीने बाईंची परीक्षा घेऊन त्यांना नमुन्याचे तास दिले. पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ, समोर तयार चित्रे, बोलावयाची वाक्येसुद्धा लिहून दिलेली. तास संपला की एक विक्रेता अवतरे आणि पालकांना वर्षाचा अभ्यासक्रम विके. तिसऱ्या की चौथ्या तासाला इंदूरचा एक मुलगा होता. विक्रेता येण्यापूर्वीच आईने विचारले, "बाई, याला शिकवणी लावू का?" बाईंनी खरे ते सांगितले. "मुलगा हुशार आहे. घाई करतो एवढेच. रोज दहा उदाहरणे कागदावर सोडवून घ्या. शिकवणीची गरज नाही." त्यानंतर कंपनीकडून बाईंना बोलावणे आले नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अशा ऑनलाईन व्यवसायांच्या बाबतीत पालकांनी सावध राहावे म्हणून सूचना काढल्या, तेव्हा आम्ही त्या घरी मोठ्याने वाचून दाखविल्या. बाई म्हणाल्या, "मला नाही, त्या इंदूरच्या आईला वाचून दाखवा."

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि एका रात्रीत देशातील प्रत्येक शिक्षक दूरचा शिक्षक झाला. बाईंना पहिला विद्यार्थी मिळाला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये, आणि तो ना जाहिरातीतून, ना कंपनीतून, तर आपल्या मंडळातून. आपल्यातीलच एक कुटुंब चेन्नईहून पुण्यास बदलून गेले. मुलगा सहावीत. घरी मराठी बोले, पण अक्षर एक वाचता येईना. त्याच वर्षी महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा लागू झाला होता आणि त्याची सुरुवात पहिली आणि सहावी या इयत्तांपासून होती. आईने घाबरून दूरध्वनी केला. बाईंनी आठवड्यातून तीन तास धरले. महिन्यात बाराखडी, दिवाळीपर्यंत जोडाक्षरे. वार्षिक परीक्षेत त्याने 'माझा आवडता प्राणी' या निबंधात पालीवर दीड पान लिहिले. चेन्नईच्या घरात दुसरा प्राणी त्याने पाहिला नव्हता.

त्या मुलापासून माळ लागली. त्याच्या मावसभावाचे गणित दुबईहून. साताऱ्याच्या जुन्या विद्यार्थिनीची मुलगी कॅलिफोर्नियाहून. तिला आजीशी बोलण्यापुरते मराठी हवे. या विद्यार्थिनीला बाईंनी एकेकाळी वर्गाबाहेर उभे केले होते, आणि तरी तिने आपली मुलगी त्यांच्याच स्वाधीन केली. अनुभवी शिक्षकाची खरी पुंजी कोणती, असे कोणी विचारील तर आम्ही हीच दाखवू. तेवीस वर्षांच्या हजेरीपटावरची मुले आज तीस-पस्तीस वर्षांची झाली आहेत, जगभर पांगली आहेत आणि त्यांना मुले आहेत. अर्ज तिकडे करावा. आमच्या दीड पानी मसुद्याऐवजी बाईंनी चार ओळी लिहिल्या. मी अमुक शाळेतील गणिताची बाई, आता घरून शिकवते, सहावी ते दहावी, एका वेळी एकच मूल. ते पत्र माजी विद्यार्थ्यांच्या एका गटातून दुसऱ्या गटात फिरत गेले.

पहिले काही महिने मात्र काम बेतासबात होत होते, हे सांगितले पाहिजे. पडद्यावर मुलाचा चेहरा दिसे आणि चेहऱ्यावर सर्व समजल्याचा भाव असे. चाचणी घेतली की भोपळा. बाई फार अस्वस्थ असत. एके रात्री जेवताना त्या एकदम म्हणाल्या, "मी वर्गात कधी तोंडाकडे पाहातच नव्हते. मी हाताकडे पाहात होते." वर्गात बाकांमधून फिरताना मुलाची पेन्सिल कोठे थांबते, काय खोडते, बरोबरच्या चिन्हापाशी किती वेळ रेंगाळते, यावरून त्यांना कळे की अडले कोठे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलांना सांगितले, मोबाईल डब्यांच्या उतरंडीवर आडवा ठेवा आणि वही दाखवा. तोंड नाही दिसले तरी चालेल. इकडे आमच्या स्वयंपाकघरातील तांदळाचा डबा आणि त्यावर दोन पातेली, अशा मनोऱ्यावर त्यांचाही मोबाईल चढला आणि खाली त्यांची पाटी दिसू लागली. दुबईच्या मुलाने दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना मधले पद गाळले, ते तो लिहीत असतानाच त्यांनी पकडले आणि तास थांबवून त्याला चौरस काढावयास लावून, त्यातले दोन उरलेले आयत रंगवून घेतले. हा नवा शिक्षक आणि जुना शिक्षक यांतील फरक. उत्तर दोघांनाही येते. मूल कोठे घसरणार, हे जुन्याला आधी ठाऊक असते.

याच मद्रास शहरात, एग्मोरच्या अनाथाश्रमात, अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने 1789 नंतरच्या काही वर्षांत मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली, वाळूत बोटाने अक्षरे गिरवून घेतली, आणि 1797 साली तिचा वृत्तांत लंडनला छापला. ती विलायतेत 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. वाळूतली अक्षरे म्हणजे आपली धूळपाटीच. मुलाचा हात दिसावा, एवढी सोय त्या धूळपाटीतही होती.

कॅलिफोर्नियाच्या मुलीची अडचण वेगळी. तिला मराठी अंक येतात, पण 'सत्तावन्न' म्हटले की ती पंचाहत्तर लिहिते. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पन्नास सात' अशी संख्यावाचनाची सोय दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! आम्हीही त्या वेळी, चेन्नईत बसून, मराठी बुडाली म्हणणाऱ्यांच्या बाजूने होतो. बाईंनी या मुलीला आधी 'पन्नास सात' शिकविले, महिनाभराने 'सत्तावन्न', आणि आता ती दोन्ही म्हणते. आम्ही आमचे मत मागे घेतले, पण पुरते नाही.

व्यवहाराविषयी थोडके सांगतो. शुल्क महिन्याचे, आणि महिन्याच्या आरंभी. मागाहून मागण्यात मराठी माणसाची जीभ जड होते. पहिला तास विनामूल्य, पण एकच. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर फुकट उतरवून घेता येतात, तेव्हा पुस्तक नाही ही सबब कोठल्याही देशात चालत नाही. घड्याळाचे गणित मात्र पक्के हवे. दुबई आपल्या दीड तास मागे, ते बारमाही. कॅलिफोर्नियाच्या शनिवार संध्याकाळी सहाचा तास म्हणजे आपल्याकडे रविवार सकाळी साडेसहा. नोव्हेंबरात त्यांचे घड्याळ तासभर मागे सरकते आणि आपले साडेसात होतात. पहिल्या वर्षी ही गोष्ट न कळल्यामुळे आम्ही दोघे एका रविवारी आंघोळ करून, रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसलो होतो. आम्ही बसण्याचे काहीच कारण नव्हते.

नियमांचे म्हणाल तर, ज्या भगिनी अद्याप एखाद्या शाळेत नोकरीस आहेत त्यांनी हा मार्ग धरू नये. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शिक्षकांच्या खाजगी शिकवण्यांना मनाई आहे. निवृत्तांना आणि राजीनामा दिलेल्यांना ती नाही. उत्पन्न आयकराच्या विवरणात दाखवावे. वस्तू व सेवा कराची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे. आमच्या घरी तरी ती चिंता नाही. आणि यजमान केंद्र सरकारचे नोकर असतील तर 1964 च्या वर्तणूक नियमांतील 15 वा नियम वाचावा. कुटुंबीयांपैकी कोणी धंदा करीत असल्यास कळवावे, असे तो सांगतो. शिकवणी हा धंदा की कसे, यावर आम्ही दोन रात्री विचार केला आणि अखेर कळवून मोकळे झालो. कार्यालयाने 'नोंद घेतली' असा शेरा मारला. आमच्या साऱ्या नोकरीत इतका गोड शेरा आमच्या वाट्यास आला नव्हता.

2023 च्या डिसेंबरातील मिचाँग वादळ आपण सर्वांनीच सोसले. आमच्या वसाहतीत तळमजल्यावर पाणी, तीन दिवस वीज नाही. पुण्याचा तो मुलगा, पालीचा निबंध लिहिणारा, आता नववीत होता आणि आठवड्याने त्याची भूमितीची चाचणी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईलला थोडी संज्ञा आली. चित्र दिसेना, आवाज मात्र जाई. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर मेणबत्ती घेऊन बसल्या. "त्रिकोण काढ. शिरोबिंदूंना नावे दे. आता वरच्या बिंदूतून पायाला समांतर रेषा. काढलीस? कोणत्या बाजूने सुरुवात केलीस?" पलीकडून उत्तर येई, मध्येच तुटे, बाई पुन्हा विचारीत. खालच्या पायऱ्यांवर शेजारची तमिळ मुले येऊन बसली होती. त्यांना शब्द कळत नव्हते, पण बाई हवेत बोटाने काढीत होत्या तो त्रिकोण कळत होता, आणि एका मुलीने तो जिन्याच्या ओल्या भिंतीवर खिळ्याने काढला. मोबाईलची शेवटची वीज संपण्यापूर्वी त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशेऐंशी अंश आहे, हे सिद्ध झाले. त्या पायऱ्यांवर, अंधारात, आम्ही 2019 च्या आमच्या त्या वाक्याबद्दल बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "आधी मेणबत्ती नीट धरा."

एका विद्यार्थ्याचा उल्लेख राहिला. तो मुलगा नव्हे. साठी उलटलेले तंजावरचे गृहस्थ आहेत. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी बोलतात, वाचता मात्र तमिळच येते. सरफोजीराजांच्या छापखान्यात 1806 साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, 'बालबोध मुक्तावली' या नावाने. मराठी मुलांसाठी छापलेले हे आद्य पुस्तक पुण्यामुंबईत नव्हे, तंजावरात निघाले, आणि त्याच गावचे हे गृहस्थ आज चेन्नईच्या बाईंकडे 'क'पासून शिकत आहेत. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आपल्या डोळ्यांनी वाचावा, एवढीच त्यांची इच्छा. बाईंनी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले, की दोनशे वर्षांपूर्वीचे ते मराठी मलाही अडखळतच वाचता येईल. सध्या दोघेही गुरुवारी त्याच्या छायाचित्रावरून एकेक ओळ लावतात, आणि पुष्कळदा शब्दाचा अर्थ गृहस्थच सांगतात. तो शब्द त्यांच्या आजीच्या बोलण्यात होता. या तासाचे शुल्क बाई घेत नाहीत. आम्ही एकदा कारण विचारले, तर म्हणाल्या, कोणी कोणाला द्यायचे ते अजून ठरले नाही.

त्या अकरा भगिनींपैकी तिघींनी आता काम सुरू केले आहे. एकीकडे दोन विद्यार्थी, दुसरीकडे एक. तिसरीला अद्याप कोणी मिळालेले नाही, आणि ती विज्ञान फार सुंदर शिकविते असे बाई म्हणतात. मंडळाच्या सूचनाफलकाचा एक कोपरा शिकविणाऱ्यांच्या नावांसाठी राखावा आणि येथून बदलून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास ती यादी निरोपाच्या वेळी द्यावी, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस लेखी केली आहे. या खेपेस मसुदा बाईंनी लिहिला.

ज्यांना अधिक विचारावयाचे असेल त्यांनी आमच्याकडे येऊ नये. बाई तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसल्या आहेत. साडेसातला त्यांचा दुबईचा तास आहे आणि तांदळाचा डबा त्या सोबत घेऊन आल्या आहेत. तेव्हा जे काही विचारावयाचे ते सव्वासातच्या आत विचारून घ्यावे.